जुलैत बुडतं, ऑगस्टात करपतं : पाच एकरांचं काय करायचं?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. दारव्हा तालुक्यात आमची पाच एकर कोरडवाहू आहे. वरच्या अंगाला दोन एकर हलकी मुरमाड बरड, त्याला लागून खाली तीन एकर काळी. विहीर नाही. आमचे हे पुण्याला कंपनीत आहेत, त्यामुळे वावर मीच पाहते, सोबत सासरे. मृगाच्या पहिल्याच पावसावर सासऱ्यांनी सोयाबीन पेरायला लावलं. निघालं आणि वाळलं. दुबार पेरलं, तर जुलैच्या झडीत खालचं वावर चिभडून पिवळं पडलं. पोळ्याआधी पाण्याचा थेंब नाही, वरचं करपलं. उरलंसुरलं सोंगून गंजी लावली, तर तिच्यावर पाऊस पडून दाण्याला कोंब आले. विम्याचं विचारलं तर 'मंडळात तेवढं नुकसान नाही' म्हणतात. मोठे दीर म्हणतात, सोयाबीन सोडा, संत्रा लावा. पेरायचं कधी, कसं आणि काय?
— एक शेतकरी भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेलात: वर बरड, खाली काळी. जुलैत बरडावरून धावत येणारं पाणी तुमची काळी बुडवतं, आणि ऑगस्टमध्ये दोन्ही वावरांना हवं असतं ते हेच पाणी. पाऊस आता थोड्या दिवसांत जास्त कोसळतो आणि मग लांब खंड पडतो. २०२३ चा खरीप आठवा. २२ जुलैला यवतमाळ जिल्ह्यात महापूर आला, आणि लगेच पुढचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. दोन्ही एकाच हंगामात. त्यामुळे 'यंदा पाऊस कमी की जास्त' या प्रश्नावर वेळ घालवू नका. दोन्ही होणार असं धरूनच वावराची आखणी करा. सोयाबीन सोडायची गरज नाही, पण पेरायची पद्धत बदलावी लागेल.

आधी पेरणीची वेळ. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे तुम्ही ऐकलंच असेल. हा पाऊस तुमच्या वावरातला हवा. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक आठ-दहा किलोमीटरवर असतो, आणि आता तर एका शिवारात धो-धो आणि शेजारच्या शिवारात धूळ, असं सर्रास होतं. गळा नसलेली, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीची काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा घ्या. वावरात उघड्या जागी, झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब, खुंटीला जमिनीपासून फूटभर वर बांधा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा आणि ओता. हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच मोजला जातो. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. शाळेच्या वहीत तारखेपुढे आकडा लिहून ठेवा.

आकडा गाठला तरी खुरपं घेऊन खोदून पहायचंच. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि पहिलं पाणी त्या भेगा आणि तापलेली माती पिऊन टाकतात. २५-३० मिलिमीटरची सर झाली की वरची चार बोटं माती ओली होते, मृगाचा वास सुटतो, आणि शेजारच्या वावरात ट्रॅक्टर दिसला की कुणालाच धीर धरवत नाही. सोयाबीनच्या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी लागतं. ते त्या चार बोटांत मिळतं, म्हणून बी निघतं. मुळी खाली गेली की कोरडी माती लागते, आणि चार-पाच दिवसांचं ऊन पडलं की रोप बसतं. तुमची पहिली पेरणी नेमकी अशीच गेली. म्हणून तीन ठिकाणी, म्हणजे बरडावर, काळीच्या मध्यावर आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, एक वीत खोल खोदा. तळची माती मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटावा. वीतभराच्या आत कोरडी रेघ दिसली तर पेरणी नाही. लाडू फुटायच्या ऐवजी चपटा झाला तर वाफसा (माती ना फार ओली, ना कोरडी) नाही, एक-दोन दिवस थांबा. हे खोदकाम सासऱ्यांसमोरच करा. त्यांचा नक्षत्रांचा हिशोब चुकीचा नव्हता, तो ज्या पावसावर बसवलेला होता तो पाऊस बदललाय. आणि हातात घेतलेल्या मातीवरून त्यांच्याशी वाद होणार नाही.

अंदाज बघायचा तर 'मेघदूत' ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो. त्यातले शब्द नीट वाचा. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. 'बऱ्याच' आणि 'बहुतांश ठिकाणी' हे शब्द आल्यावरच आपल्या वावरात पडेल असं धरायचं. 'तुरळक'च्या भरवशावर कोरड्यात सोयाबीन टाकणं म्हणजे बी कुजवणं.

थांबायचं तरी किती? सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं. त्यानंतर उतारा झपाट्याने घटतो. मग तूर, सूर्यफूल किंवा एरंडीकडे वळलेलं बरं. मूग-उडीद मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नकोच. आणि पेरल्यावर खंड पडला, रोपं विरळ निघाली, तर लगेच वावर मोडू नका. ४५ सेंटीमीटरच्या तासात रोपं पाच सेंटीमीटरवर धरली तर मीटरभर तासात २० रोपं येतात. दहा ठिकाणी मीटरपट्टी ठेवून मोजा. सरासरी १२ च्या वर असेल तर पीक राहू द्या, सोयाबीन फांद्या फोडून जागा भरून काढतं. त्याच्या खाली असेल तर आधी खाडे, म्हणजे तासातल्या रिकाम्या जागा, भरा, अगदीच सात-आठवर आलं तरच दुबार पेरा. दुबार पेरणीत बियाण्याचा खर्च तर होतोच, वर हातचे पंधरा-वीस दिवस जातात, आणि तेच पुढे सोंगणीला, म्हणजे कापणीला, पावसात सापडतात.

बियाणं घरचं चालतं. सोयाबीन स्वपरागी असल्यामुळे एकदा घेतलेलं प्रमाणित बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं. पण पावसात भिजलेल्या गंजीतलं बियाणं म्हणून ठेवू नका, ते दिसायला चांगलं असलं तरी. मे महिन्यातच उगवण तपासा: ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी धडधाकट कोंब मोजा. ७० निघाले तर एकरी ३० किलो. ६५ निघाले तर ३२ किलोच्या वर. ६० च्या खाली गेलं तर ते बी बाजारात विका. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. पोती चार थरांपेक्षा उंच रचू नका, उचलून आपटू देऊ नका. हमाल ऐकत नाहीत, म्हणून उतरवताना स्वतः उभं राहा.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकवायचा नाही. किलोला ३ ग्रॅम कार्बोक्सिन अधिक थायरम हे मिश्र बुरशीनाशक, त्यावर खोडमाशीसाठी थायमेथोक्झाम ३० एफएस १० मिली, आणि पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. जिवाणू आधी लावून वर बुरशीनाशक चोळलं तर ते मरतात आणि पैसे वाया जातात. हातमोजे घालून हलक्या हाताने चोळा, नाहीतर टरफल निघतं. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

आता पट्टापेर. माझ्या मते तुमच्या तीन एकर काळीला हीच गोष्ट वाचवेल. तुमच्याकडे भाड्याने येणारं ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र बहुधा सात दात्यांचं असेल. त्यात मधल्या, म्हणजे चौथ्या दात्याचं बी आणि खत दोन्ही बंद करायचं. काठाचा दाता बंद करू नका. तसं केलं तर ट्रॅक्टर जाताना उजवा काठ रिकामा सोडतो, वळून येताना उजवा काठ आधीच्या रिकाम्या तासाला येऊन भिडतो, आणि एकीकडे दोन रिकामे तास तर दुसरीकडे सलग बारा ओळी असं होतं. मधला बंद केला की ट्रॅक्टर कुठूनही वळो, दर सहा ओळींनंतर बरोबर एक तास रिकामा सुटतो. दोन रिकाम्या तासांत साधारण सव्वातीन मीटर अंतर पडतं, आणि बियाणं सातवा हिस्सा वाचतं. बंद करताना पेटीतलं छिद्रच बंद करा. नळीच्या खालच्या तोंडाला चिंधी कोंबली तर नळी वरपर्यंत भरते आणि चिंधी निसटली की एका जागी बियाण्याचा ढीग पडतो. पहिली दहा पावलं पेरून झाली की ट्रॅक्टर थांबवा, तास उकरून बी किती खोल पडलं ते पहा. तीन ते चार सेंटीमीटर हवं. भुसभुशीत मातीत दाते बिनदिक्कत सात-आठ सेंटीमीटर उतरतात, वर पावसाने पापडी धरली की कोंब आतच वाकून मरतो, आणि दोष बियाण्याच्या पिशवीवर जातो. चालक घाईत असतो, खोली कमी करायला त्याला दोन मिनिटं लागतात; ती मागून घ्या.

रिकाम्या तासात सरी पाडायची ती डवरणीच्या, म्हणजे ओळींमधली माती हलवण्याच्या वेळी, पेरणीनंतर वीस ते पंचवीस दिवसांत, वाफसा पाहून. त्यासाठी नवं अवजार लागत नाही. डवऱ्याच्या जानोळ्याला (पास, म्हणजे पातं धरणाऱ्या दांड्याला) दोरी गुंडाळली की माती पासेवरून मागे न पडता दोन्ही बाजूंना सरते आणि सरी निघते. पहिल्या फेरीत ती उथळच पडेल, आठ-दहा दिवसांनी पुन्हा फिरवा, म्हणजे वीतभर खोल होईल. पेरणी उताराला आडवी असेल तर सऱ्याही आडव्या पडतील, तशाच हव्यात. काळीत सरीचं शेवटचं तोंड उघडं ठेवा आणि ते पाणी धुऱ्यातून, म्हणजे बांधातून, बाहेर जाईल याची वाट करा. तिथे दगड लावा, नाहीतर एका झडीत धुरा फुटतो. बरडात उलटं करायचं: सरीत दर पंधरा-वीस फुटांवर मातीचा छोटा अडसर, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरेल. रुंद वरंबा-सरीचं बीबीएफ यंत्र जवळपास भाड्याने मिळत असेल तर तेच काम पेरतानाच होतं, पण त्याची वाट पाहत वाफसा घालवू नका.

दोन वावरांच्या मधे एक चर काढा. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, निघालेली माती काळीच्या बाजूला टाकायची, आणि चराला नाल्याकडे अगदी हलका उतार. बरडाचं पाणी काळीत शिरायचं थांबलं की तुमचं निम्मं चिभडणं संपेल. आता त्या पाण्याचा हिशोब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर चार हजार लिटर. एका दिवसात ६५ मिलिमीटर पडला तर दोन एकर बरडावर सव्वापाच लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं चौथाई वाहून गेलं असं धरलं तरी सव्वा लाख लिटर होतं. १५ बाय १५ मीटर तोंडाचं, ३ मीटर खोल, एकास एक उताराच्या बाजूंचं शेततळं ४४१ घनमीटरचं, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटरचं असतं. असे तीन-चार पाऊस ते भरून टाकतात. जागा बांधासकट चार गुंठे जाते, हे आधीच धरून चला.

तळं कुठे खोदायचं यावर सगळं अवलंबून आहे. बरडात मुरूम लागतो आणि पाणी गाळणीतून गेल्यासारखं निघून जातं. अस्तराचा कागद टाकावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. म्हणून चराच्या टोकाला, पण काळीच्या हद्दीत खोदा. जागा ठरवण्याआधी तीन फुटांचा खड्डा करून पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि मग एका रात्रीत किती उतरतं ते पहा. पहिल्या दिवशीचं उतरणं मोजू नका, कोरडी माती पाणी पितेच. चर तळ्यात शिरतो तिथे आधी सहा बाय सहा फुटांचा गाळखड्डा हवा, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत तळं अर्धं गाळाने भरतं. तळ्याला सांडवाही हवाच. अनुदानासाठी अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. तुमचं गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात आहे का, हे कृषी सहायकाला विचारा, यवतमाळ जिल्हा त्यात आहे. तळ्याच्या काठी कुंपण घाला, घरात लेकरं असतील तर पाणी साठायच्या आधीच.

ऑगस्टच्या खंडात हे तळं काय देईल? मुरणं आणि बाष्पीभवन वजा करता तीन लाख लिटर हाताशी राहिलं असं धरा. ३० मिलिमीटरचं एक संरक्षित ओलित म्हणजे एकरी सव्वा लाख लिटर. म्हणजे सव्वादोन-अडीच एकराला एकच पाणी, तेवढंच. ते फुलोऱ्याला नाही तर शेंगा भरताना द्या, कारण सोयाबीनचा उतारा तिथेच ठरतो. पाणी रिकाम्या तासांतल्या सऱ्यांतून सोडलं की दोन्ही बाजूंच्या ओळींना ओल पोचते. दोन इंची पेट्रोल पंप पुरतो. विकत घेण्याआधी गावात भाड्याने मिळतो का पहा.

ज्यांच्याकडे तळं नाही त्यांनीही खंडात हातावर हात ठेवून बसू नये, पण सोयाबीनमध्ये डवरा चालवायची एक मुदत असते. पीक फुलावर आलं, म्हणजे साधारण ३५ दिवसांपुढे गेलं, की डवरा बंद. मुळ्या तुटतात आणि फुलं गळतात. म्हणून दोन्ही डवरण्या त्याआधी उरका. डवरणीने वरची भेग बुजते आणि खालची ओल टिकते, म्हणून खंड सुरू झाल्याझाल्याच ती कामाची. तुरीत आणि कपाशीत पुढेही चालवता येते. पावसाने ओढ दिली की १३:०:४५ या पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम आणि एकराला २०० लिटर पाण्यात दोन किलो, सकाळी किंवा उन्हं कलल्यावर करा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. पानं दुपारी मलूल होतात पण सकाळी ताठ असतात, तोवरच याचा उपयोग. सकाळीसुद्धा माना टाकलेल्या असल्या तर फवारणीचे पैसे वाचवा.

झडीनंतर पिवळं पडलं की दुकानदार लगेच दोन-तीन बाटल्या मिसळून देतो. आधी पाणी काढा. मुळांना हवा मिळाली आणि वाफसा आला की आठवडाभरात बरीचशी रोपं आपोआप हिरवी होतात. १९:१९:१९ हे १५ लिटरला १५० ग्रॅम दिलं की पुरे. मात्र सगळं वावर सारखं पिवळं न होता मधेमधे एखादंच झाड, पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असं दिसलं, तर तो पिवळा मोझॅक. तो पांढरी माशी पसरवते. अशी झाडं दिसताच उपटून गाडा, खत घालून तो जात नाही.

वाणांबद्दल एकच गोष्ट, पण तिच्यात बरेच लोक फसतात. लवकर येणारा वाण घेतला की सोंगणीच्या पावसातून सुटू, असं वाटतं. जेएस ९५-६० साधारण ८५ दिवसांत येतो. १५ जूनला पेरला तर तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोंगणीला येतो, आणि मान्सून विदर्भातून परततो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे पीक नेमकं पावसाच्या तोंडी. पेरणी जूनमध्ये लवकर साधली तर काळीत ९५ ते १०५ दिवसांचा वाण घ्या, पीडीकेव्ही अंबा किंवा फुले संगमसारखा. पेरणी जुलैत गेली तर लवकरचा. बरडात लवकरचाच, कारण तिथे सप्टेंबरअखेर ओल उरत नाही. सगळ्या वावरात एकच वाण नको.

तुमच्या जागी मी अशी वाटणी करीन. बरडावरच्या दोन एकरांत सोयाबीन-तूर, ४:२. सहा दात्यांचं यंत्र मिळालं तर दोन्ही काठांच्या कप्प्यांत तूर आणि मधल्या चारांत सोयाबीन घाला; शेजारच्या फेरीची तूर तुरीला भिडून आपोआप चारास दोन पडतं. तुरीच्या कप्प्यांचं छिद्र बारीक करा, नाहीतर तूर दाट होते. निघाल्यावर वीतभर अंतरावर विरळणी करा. वाण बीडीएन ७११, दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांचा. तुरीचं मूळ खोल जातं, ऑगस्टचा खंड ती सोसते, आणि सोयाबीन निघाल्यावर तिला मोकळी जागा मिळते. पाणी साचलं की मात्र तूर मरते, म्हणून खालच्या कोपऱ्यात लावू नका. रोही आणि डुकरांचा त्रास असेल तर रस्त्याकडच्या अंगाने तुरीची राखण सोपी पडेल अशी आखणी करा. काळीत दोन एकर पट्टापेर सोयाबीन, त्यामागे ऑक्टोबरमध्ये ओलीवर जॅकी ९२१८ हरभरा. उरलेल्या एकरात कपाशी, दर सहा-आठ तासांनी तुरीची एक ओळ.

कपाशीचं थोडक्यात. उशिरा पाऊस येतो, बोंडं हिरवी राहतात, आणि फरदड, म्हणजे हंगामानंतर तीच झाडं राखून पुन्हा पीक, घ्यायचा मोह होतो. गुलाबी बोंडअळीला तेच हवं असतं. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे गंधाने पतंग ओढणारे, लावा; एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस आले की मगच फवारा. उंच वाढलेल्या कपाशीत, दमट उन्हात, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका आणि दोन कीटकनाशकं मिसळू नका. २०१७ च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. मजूर फवारत असला तरी तोंडाचा मास्क, हातमोजे आणि कामानंतरची आंघोळ ही सोय मालकाने करायची.

सोंगणी. शेंगा ९० टक्के तपकिरी आणि पानं गळलेली, एवढं झालं की थांबू नका. सोयाबीनच्या दाण्याला सुप्तावस्था जवळपास नसते. पक्की शेंग भिजली की दाणा जागच्या जागी कोंब धरतो. अंदाजात दोन-तीन दिवस उघाड दिसली की तेवढंच सोंगा जेवढं त्या उघाडीत गोळा करता येईल. मजूर मिळाले म्हणून सगळं आडवं करून ठेवणं हा खरा धोका. गंजी जमिनीवर नको: दगड आणि लाकडं रचून वीतभर उंच ओटा करा, वरून ताडपत्री, पण दिवसा कडा उघड्या. ओला माल तसाच झाकला तर आत गरम होतो, बुरशी धरतो आणि कुटारही जनावरांच्या कामाचं राहत नाही. भिजलेला माल आधी पसरून वाळवा, मगच गंजी. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. काळीतला सगळ्यात चांगला अर्धा एकर बियाण्यासाठी वेगळा सोंगा आणि थ्रेशरचा वेग ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवायला सांगा. जोरात फिरवला की दाणा न फुटताही आतून मार खातो.

विमा. खरीप २०२५ पासून राज्यातला एक रुपयाचा विमा बंद झाला. आता हप्ता विमा रकमेच्या २ टक्के, कपाशीला ५ टक्के, आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर ठरते. त्यामुळे एकट्या तुमच्या वावरातलं नुकसान विम्यात दिसत नाही. पंचनाम्याची सरकारी मदत वेगळी: मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावं लागतं. दोन्हींसाठी ई-पीक पाहणी मुदतीत करा आणि आंतरपीक असेल तर तूरही नोंदवा. फक्त सोयाबीन नोंदवलं तर तुरीचं नुकसान कागदावर होतच नाही. तलाठ्याकडे अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तुमची बरणीची वही पुरावा म्हणून चालणार नाही, पण फोटो आणि तारखांसोबत अर्जाला जोडायला हरकत नाही. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर तो आधी काढा.

दीरांना सांगा, संत्रा वाईट नाही, पण तो विहिरीवाल्यांचा. झाडाला बारमाही पाणी लागतं. मृग बहाराला मे महिन्यात ताण देऊन वेळेवर पाऊस यावा लागतो. आंबिया, म्हणजे उन्हाळ्याआधी फुलणारा बहार, घेतला तर भर उन्हाळ्यात पाणी लागतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत फळगळ होते. तुमच्या काळीसारख्या पाणी धरणाऱ्या जमिनीत मूळकूज आणि डिंक्या वेगळेच. फळ धरेपर्यंतची चार-पाच वर्षं घर कशावर चालवायचं, हेही त्यांना विचारा. शेततळ्याच्या पाण्यावर बाग उभी राहत नाही, फार तर वाचते.

एक काम उन्हाळ्यातच करा. बरडावर दोन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खोदा आणि माती किती खोल आहे ते मोजून कळवा. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर वर सांगितलेल्या ४:२ ऐवजी तिथे दुसरी मांडणी सुचवावी लागेल.